हिवाळ्यात घर बदलताना: मधल्या रिकाम्या दिवसांत घर कसं सांभाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाहेर पारा शून्याच्या बराच खाली असताना तुम्ही घर बदलताय. नव्या घराची किल्ली हातात आली आहे, पण ते घर दीडेक महिना बंद होतं आणि आधीचे मालक जाताना थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारं बटण, अगदी खालच्या आकड्यावर ठेवून गेलेत. जुनं घर विकलं जाईपर्यंत काही आठवडे रिकामं राहणार आहे. सोबत लहान मूल आहे. सामान कसं न्यावं, नव्या घरात पहिल्यांदा काय बघावं, आणि जुन्या घराचं हीटिंग सरळ बंद करून बिल वाचवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

सामानाबद्दल पुढे सांगतो. पण त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायला हवं, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. घरांचं पाणी आणि हीटिंग हेच माझं काम. कडाक्याच्या थंडीत मला ज्या घरांतून घाईघाईनं बोलावणं येतं त्यातली बरीचशी अशीच असतात: आधीची माणसं निघून गेलेली आणि नवी अजून यायची. राहत्या घरात नळ दिवसातून कितीतरी वेळा उघडतो, स्वयंपाकाची ऊब असते, पायाला गार लागलं की कोणीतरी हीटिंग वाढवतं, कुठे ठिबकलं तर तासाभरात कळतं. रिकाम्या घरात यातलं काहीच होत नाही. पाइप फुटतो रात्री, पाणी वाहायला लागतं दोन दिवसांनी ऊन पडल्यावर, आणि कळतं ते शेजाऱ्याला दाराखालून ओघळ दिसल्यावर. सामान हलवण्याच्या दिवसाची सगळे काळजी घेतात. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रिकाम्या दिवसांची मात्र कोणी घेत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. तुमच्याकडे थंडी किती आणि सलग किती दिवस पडते, घर स्वतंत्र आहे की इमारतीतला फ्लॅट, भिंतींना इन्सुलेशन कसं आहे, पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीतून, पोटमाळ्यातून किंवा जमिनीखालच्या पोकळीतून जातात का, हीटिंग गरम पाण्याच्या रेडिएटरचं आहे की गरम हवेचं, यावर उत्तर बदलतं. फ्लॅटमध्ये वरखाली शेजाऱ्यांची ऊब मिळते. टेकडीवरच्या एकट्या घराला ती मिळत नाही. तरी मूळ नियम सगळीकडे एकच आहे. रिकामं घर एक तर गरम ठेवा, नाही तर त्यातलं पाणी पूर्ण काढून कोरडं करा. पाणी आत ठेवून हीटिंग बंद करणं हा मधला मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

यामागचं कारण नीट समजलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे शाळेत आपण सगळे शिकलो. पण पाइप बहुतेक वेळा जिथे बर्फ धरतो तिथेच फुटतो असं नाही. आधी पाइपच्या एखाद्या गार तुकड्यात बर्फाचा बूच तयार होतो. तो वाढत जातो तसा समोरचं पाणी ढकलत जातो. पुढे नळ बंद असेल तर बूच आणि नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला जायला जागाच उरत नाही. तिथला दाब प्रचंड वाढतो आणि पाइप, जोड किंवा नळाचं पोट, जे सगळ्यात कमजोर असेल ते फाटतं. म्हणून गोठलेला भाग पोटमाळ्यात आणि भेग स्वयंपाकघरात, असंही बघायला मिळतं. कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेनं सोडून ठेवायला सांगतात त्याचं कारणही हेच. वाहतं पाणी उशिरा गोठतं हे खरंच आहे, पण मुख्य फायदा असा की नळ उघडा असल्यानं बुचाच्या पुढे दाब साठत नाही.

किती थंडीला घाबरायचं? इन्सुलेशन नसलेल्या पोटमाळ्यातल्या पाइपांवर इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी चाचण्या केल्या होत्या. त्यात बाहेरचा पारा साधारण उणे ७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला की धोका सुरू होतो असं दिसलं. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. भिंतीतल्या फटीतून थेट पाइपवर वारा येत असेल तर त्याआधीही पाइप गोठतो. तुमच्याकडचा पारा त्या आकड्याच्या आसपास रेंगाळत असेल, तर जुन्या घराबद्दलचा निर्णय याच आठवड्यात घ्या.

घर गरम ठेवायचं ठरवलं तर थर्मोस्टॅट निदान १३ अंशांवर ठेवा. बऱ्याच रेडिएटरच्या गोल व्हॉल्व्हवर बर्फाच्या चांदणीची खूण असते, म्हणजे साधारण ६ ते ८ अंश. ती खूण बघून लोक निर्धास्त होतात. पण तो व्हॉल्व्ह फक्त स्वतःच्या आजूबाजूची हवा मोजतो. मी एका घरात दिवाणखान्यातला थर्मोस्टॅट १३ दाखवत असताना स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटाचं दार उघडलं, तर आतल्या पाइपवर पांढरं दहिवर धरलेलं होतं. सिंक बाहेरच्या भिंतीला लागून, कपाटाचं दार घट्ट बंद, आणि मागे पाइपसाठी पाडलेलं भोक तसंच उघडं. खोलीतली ऊब त्या कपाटात पोचतच नव्हती. म्हणून निघताना आतली सगळी दारं उघडी ठेवा, सिंक आणि बेसिनखालच्या कपाटांची दारं सताड उघडा, आणि पाइप जिथून भिंतीत शिरतात तिथल्या फटी फोम किंवा सीलंटनं बुजवा.

यापुढची गोष्ट फारच थोडे लोक करतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे: हीटिंग चालू ठेवूनही पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि नंतर एक-दोन नळ उघडून दाब घालवा. मग वीज गेली, हीटिंगचं पाणी तापवणारा बॉयलर बंद पडला आणि पाइप फुटलाच, तरी आत उरलेलं पाणीच काय ते सांडेल. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर कोणी येऊन बंद करेपर्यंत पाणी वाहतच राहतं, आणि तेवढ्यात छत खाली येतं. याला दोन अपवाद आहेत. घरात आग विझवण्यासाठी छताला स्प्रिंकलर असतील, किंवा बॉयलर मुख्य लाइनमधून आपोआप पाणी भरून घेणारा असेल, तर जाणकाराला विचारल्याशिवाय मुख्य व्हॉल्व्ह बंद करू नका. गीझर चालू ठेवायचीही काही गरज नाही. पाणी बंद आणि गीझर चालू अशी अवस्था तर टाळाच.

दुसरा मार्ग कोरडं करण्याचा. घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल आणि कोणी फिरकणार नसेल तर मी हाच घेतो. यात क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी गीझरची वीज किंवा गॅस बंद. टाकी रिकामी असताना विजेचा कॉइल चालू राहिला तर तो जळतो. मग मुख्य व्हॉल्व्ह बंद. त्यानंतर वरच्या मजल्यापासून खालपर्यंत सगळे नळ उघडायचे, गरम आणि गार दोन्ही बाजूंचे. एका दांडीचा नळ असेल तर दांडी डावीकडे आणि उजवीकडे दोन्हीकडे फिरवून बघा, नाहीतर एका बाजूचं पाणी आतच राहतं. हातात धरायच्या शॉवरची नळी काढून खाली धरा. घरातल्या सगळ्यात खालच्या नळातून किंवा निचऱ्याच्या तोटीतून उरलेलं पाणी बाहेर काढा. फ्लशची टाकी रिकामी करा आणि तळाशी उरलेलं पाणी स्पंजनं टिपून घ्या. गीझरची टाकी रिकामी करा. कपडे धुण्याचं मशीन, भांडी धुण्याचं मशीन, फ्रिजला जाणारी पाण्याची बारीक नळी, या तिन्हींत पाणी दडलेलं असतं.

आता राहिले ट्रॅप, म्हणजे बेसिनखालचे वाकडे पाइप आणि कमोडमधलं पाणी. ते नुसते कोरडे केले तर गटाराची घाण हवा घरात येते. म्हणून त्यांत पाण्याऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, घराच्या प्लंबिंगसाठीच विकलं जाणारं अँटिफ्रीझ ओतायचं. गाडीच्या इंजिनात घालतात ते ओतू नका. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी असतं, वर गोडसर लागतं, आणि लहान मुलं व पाळीव जनावरं त्याला फसतात.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. रेडिएटरचं हीटिंग असेल तर रेडिएटरमध्येही पाणी असतं, आणि ते नळाच्या पाण्यापासून वेगळं फिरतं. नळ रिकामे करून हीटिंग बंद केलं तर रेडिएटर फुटतात. ते रिकामे करणं किंवा त्यात अँटिफ्रीझ भरणं हे मात्र हीटिंगच्या माणसाकडूनच करून घ्या. पुन्हा भरताना हवा काढणं, दाब जुळवणं, हे सवयीशिवाय धड जमत नाही. आडव्या पाइपांना मध्ये झोल असेल तर उघड्या नळांतूनही सगळं पाणी निघत नाही. अशा ठिकाणी कंप्रेसरनं हवा मारून पाणी काढावं लागतं, आणि तेही घरगुती काम नव्हे.

तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं? घर थोडेच आठवडे रिकामं आहे आणि गिऱ्हाईक बघायला येणार. अशा वेळी १३ अंशांवर हीटिंग चालू, मुख्य व्हॉल्व्ह बंद, कपाटं उघडी, आणि दोन-तीन दिवसांतून एकदा कोणीतरी आत जाऊन फिरून येणारं. जमल्यास तापमान उतरलं की फोनवर सूचना देणारं छोटं यंत्र बसवा. घर दाखवणाऱ्या एजंटला व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो का बंद आहे हे लेखी सांगून ठेवा. एखादा सज्जन माणूस पाहुण्यांना हात धुता यावेत म्हणून तो उघडतो आणि तसाच सोडून जातो. जुनं घर फ्लॅट असेल तर सोसायटीचे नियमही बघा. तुमचं हीटिंग बंद असल्यानं सामाईक पाइप गोठला तर नुकसान चार घरांचं होतं.

विम्याचा कागद आजच काढा. बऱ्याच पॉलिसींत घर सलग ठरावीक दिवस रिकामं राहिलं तर पाण्याच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही, किंवा हीटिंग चालू ठेवण्याची आणि नियमित पाहणीची अट असते. ती अट तुमच्या कागदात कोणत्या शब्दांत आहे हे वाचा आणि घर रिकामं होणार असल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा. पाहणीला जो जाईल त्यानं थर्मोस्टॅटचा फोटो काढून पाठवला की त्याची नोंदही आपोआप राहते.

आता नवं घर. इथे माझं सांगणं एकच: आधी ऊब, मग पाणी. बंद घरात शिरल्याबरोबर लोक मुख्य व्हॉल्व्ह उघडतात, नळ चालू होतात का बघायला. पण पाइप आधीच फाटलेला असेल तर या क्षणी बर्फानंच ती भेग बुजवून धरलेली असते. तुम्ही पाणी सोडता, हीटिंग लावता, खूश होऊन घरी जाता, आणि रात्री बर्फ सुटतो. तेव्हा सामान यायच्या निदान दोन-तीन दिवस आधी, दिवसाउजेडी जा. मुख्य व्हॉल्व्ह बंद आहे ना ते बघा, नसेल तर बंद करा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह अडकलेला असू शकतो. त्याला पान्यानं जोर लावू नका, तुटला तर रस्त्यावरचं पाणी बंद करवण्यापलीकडे इलाज राहत नाही. तो प्लंबरकडूनच मोकळा करून घ्या.

मग हीटिंग सुरू करा आणि घर एक पूर्ण दिवस गरम होऊ द्या. हवा दोन तासांत गरम होते, भिंतीतला पाइप नाही. दुसऱ्या दिवशी दिसणाऱ्या सगळ्या पाइपांवरून हात फिरवत जा: कुठे फुगवटा, कुठे जोड सरकलेला, कुठे ओल. त्यानंतर एक माणूस मुख्य व्हॉल्व्हजवळ उभा करा, दुसरा घरभर फिरेल. सगळ्यात वरचा एक नळ उघडा ठेवून व्हॉल्व्ह हळूहळू, पाव फेरा, अर्धा फेरा असा उघडा. आधी हवा फुसफुसेल, मग पाणी येईल. पाणी एकसारखं आलं की तो नळ बंद करा आणि आता मीटरकडे जा. बहुतेक मीटरवर एक बारीक चक्री किंवा काटा असतो, थेंबभर पाण्यालाही हलणारा. घरातले सगळे नळ बंद असताना पंधरा-वीस मिनिटं त्याच्यावर नजर ठेवा. तो हलत असेल तर पाणी कुठेतरी जातंय, मग डोळ्यांना काही दिसो न दिसो. लगेच व्हॉल्व्ह बंद करा. गीझर मात्र टाकी भरून गरम पाण्याच्या नळातून सलग धार आल्यावरच सुरू करायचा.

एखाद्या नळाला पाणीच येत नसेल तर पाइप अजून गोठलेला आहे. तो नळ उघडा ठेवा आणि केस वाळवण्याच्या ड्रायरनं किंवा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यांनी नळाच्या बाजूनं सुरुवात करून मागे मागे जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. ड्रायर वापरताना खाली पाणी साचलेलं नसावं. ज्योतीचा टॉर्च, स्टोव्ह, पेटता बोळा यांतलं काहीही पाइपजवळ नेऊ नका. पाइप भिंतीच्या आत गोठला असेल तर खोली गरम करा, धीर धरा, आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या.

या पहिल्या दिवसांत मला पाण्यापेक्षाही जास्त भीती वाटते ती कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस, तेल, लाकूड, कोळसा, जे जळतं त्या सगळ्यातून तो निघू शकतो, आणि महिनाभर बंद असलेल्या घराच्या धुराड्यात पक्ष्यांनी घरटं केलेलं असू शकतं. नव्या बॉयलरचा धूर सोडणारा पाइप बऱ्याचदा भिंतीतून जमिनीच्या जवळच बाहेर निघतो, आणि भुरभुरून साचलेल्या बर्फाखाली तो गाडला जातो. बाहेरून एक चक्कर मारून तो पाइप शोधा आणि त्याच्याभोवतीचा बर्फ काढा. झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, आणि हे पहिल्या रात्रीच्या आधी करा. हीटिंग नीट चालत नाही म्हणून शेगडी घरात आणणं, स्वयंपाकाच्या गॅसवर खोली गरम करणं, किंवा वीज गेली म्हणून जनरेटर गॅरेजमध्ये दार किलकिलं ठेवून चालवणं, यातलं एकही करू नका. घरातल्या एकाहून जास्त माणसांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, गरगरणं सुरू झालं आणि बाहेर पडल्यावर बरं वाटलं, तर ती दमणूक किंवा फ्लू समजू नका. सगळ्यांनी बाहेर पडा, मुलाला आधी, आणि बाहेरूनच मदतीला फोन करा.

तात्पुरता विजेचा हीटर लावणार असाल तर तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. २००० वॉटचा हीटर तासन्‌तास चालतो आणि गुंडाळलेली एक्स्टेन्शनची वायर तेवढ्यात वितळण्याइतकी तापते. सगळ्या बाजूंनी एक मीटर जागा मोकळी हवी. घर हलवताना नेमकी हीच जागा खोक्यांनी भरते.

पुढचा विषय ओलीचा, आणि लहान मूल असल्यानं तो तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा. नव्या घरातली हवा पहिल्याच दिवशी २० अंश झाली तरी भिंती कित्येक दिवस थंडच राहतात. २० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये साधारण १७ ग्रॅम वाफ धरू शकते, शून्य अंशांची जेमतेम ५ ग्रॅम. खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंश किंवा त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली तर तोच आकडा ९ अंशांच्या आसपास उतरतो. दीड महिना गारठलेल्या घरात बाहेरच्या भिंतीचा कोपरा सहज त्याच्याही खाली असतो. त्यात तुम्ही आंघोळी करणार, स्वयंपाक करणार, बर्फात भिजलेले कोट आणि खोकी आत आणणार, मुलाचे कपडे रेडिएटरवर वाळवणार. ती सगळी वाफ जाऊन बसते कपाटामागच्या कोपऱ्यात, आणि काही आठवड्यांत तिथे बुरशीचे काळे ठिपके उमटतात.

यावर उपाय साधे आहेत. पहिला आठवडा हीटिंग रात्रीसुद्धा फार खाली आणू नका, भिंतींना गरम व्हायला वेळ द्या. मोठी कपाटं आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटीमीटर लांब ठेवा. मुलाचा पाळणा तर आतल्या भिंतीलाच लावा. दिवसातून तीन-चारदा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा खेळू द्या. एक खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण हवा बदलते पण भिंतींची ऊब जात नाही. बाहेर धुकं किंवा बर्फ असला तरी बाहेरची गार हवा आत आल्यावर कोरडीच ठरते, हे वरच्या आकड्यांवरून तुमच्या लक्षात येईल. एक आर्द्रतामापक घेऊन ठेवा आणि काटा ४० ते ५०च्या आसपास राहील असं बघा.

आता सामान. कपडे धुण्याचं मशीन नुसतं उचलून ट्रकमध्ये घालू नका. खालच्या बाजूला फिल्टरचं झाकण असतं. ते उघडलं की तांब्याभर पाणी निघतं, तेच गोठलं तर पंप तडकतो. ड्रम हलू नये म्हणून लावायचे बोल्ट सापडले तर लावा. फ्रिज शक्यतो उभाच न्या. आडवा नेला असेल तर काही तास उभा ठेवूनच सुरू करा. टीव्ही, कॉम्प्युटर यांसारख्या वस्तू गोठलेल्या ट्रकमधून उबदार खोलीत आल्या की आतबाहेर दव धरतं. त्या खोक्यातच बंद राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सुरू करा. लिथियमच्या बॅटरीची सायकल किंवा अवजारं असतील तर बॅटरी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यानं ती कायमची बिघडते. पाण्याचे रंग, डिंक, झाडं आणि औषधं ट्रकमध्ये जाऊ नयेत. इन्सुलिन एकदा गोठलं की ते वापरायचं नाही, टाकून द्यायचं. लाकडी जुनं सामान आणि वाद्यं हीटिंगच्या झोतापासून लांब ठेवा, नाहीतर सांधे सुटतात.

दारापुढची वाट हमालांच्या आधी तुम्ही चालून बघा. मिठानं बर्फ वितळतो, पण साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. तेव्हा वाळू टाका, ती निदान पायाला पकड देते. मुलाचं खाणं, औषधं, उबदार कपडे, एक दिवसाचं पिण्याचं पाणी, टॉर्च आणि पाना हे ट्रकमध्ये न टाकता स्वतःबरोबर ठेवा. नळ पहिल्या दिवशी चालू होतीलच असं गृहीत धरू नका.

हिवाळ्यात घर ताब्यात घेण्याचा एक फायदाही आहे, तो घालवू नका. घराचे दोष आत्ता उघडे पडतात. शेजारच्या छपरांवर बर्फ आहे आणि तुमच्याच छपरावर मधूनमधून वितळलाय, म्हणजे त्या जागी खालून ऊब गळते आहे. तिथलं वितळलेलं पाणी वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठतं, त्याचा बांध होतो आणि मागे तुंबलेलं पाणी कौलांखालून आत शिरतं. खाली लोंबणारे जाडजूड बर्फाचे सुळके दिसले तर पोटमाळ्याच्या इन्सुलेशनचं काम यादीत घ्या. फोटो काढून ठेवा, कारण उन्हाळ्यात कंत्राटदाराला हे सांगून पटत नाही. छपरावर चढून बर्फ फोडायला मात्र जाऊ नका. खाली बसलेला, ओला बर्फ घनमीटरला ३०० किलोपर्यंत सहज भरतो, म्हणजे ३० सेंटीमीटर थर असला तर एका चौरस मीटरवर ९० किलोंच्या आसपास. छप्पर वाकलेलं दिसलं, दारं अचानक घट्ट बसायला लागली, तर घराबाहेर पडा आणि जाणकाराला बोलवा.

शेवटची गोष्ट अंगणातल्या नळाची, दोन्ही घरांच्या. त्याला बागेची नळी अडकवलेली असेल तर आजच काढा. थंडीत न गोठणारे म्हणून जे नळ मिळतात त्यांचा खरा पडदा, म्हणजे पाणी अडवणारा भाग, भिंतीच्या आत, उबदार बाजूला असतो आणि बंद केल्यावर पुढचा भाग आपोआप रिकामा होतो. नळी जोडलेली असेल तर तो रिकामा होतच नाही, पाणी आत अडकतं आणि भिंतीच्या आत नळाचं पोट फाटतं. हिवाळाभर काहीच कळत नाही, कारण फाटलेला भाग पडद्याच्या पुढे आहे आणि नळ बंद आहे. म्हणून थंडी सरल्यावर बाहेरचा नळ पहिल्यांदा उघडाल तेव्हा एकाला आत, त्या भिंतीपाशी उभं करा. नळाचं तोंड अंगठ्यानं दाबून पाणी अडवता आलं तर आतला पाइप बहुधा फुटलेला आहे. तेव्हा लगेच नळ बंद करून प्लंबरला बोलवा, आणि आत उभ्या असलेल्याला भिंतीतून पाण्याचा आवाज आला तरीही तेच करा.